ओढ्यावरची रेघ

शेवंत्यांच्या रविवारी भांडायचं नाही, असं व्हर्ना लेडबेटरने घरात ठरवून टाकलं होतं, आणि आजवर सगळ्यांनी ते पाळलंही होतं, अगदी तिचा नवरा रॉयस गेला त्या वर्षीसुद्धा. चर्चमधून परत यायचं, धुरावर भाजलेलं मांस, म्हणजे ब्रिस्केट, आणि बटाट्याचं सॅलड खायचं, मग गॅरेजमधल्या गाड्या बाहेर काढून लांब टेबलं मांडायची आणि फितींची रिळं उलगडायची. होमकमिंगच्या, म्हणजे शाळेच्या वर्षातल्या मोठ्या फुटबॉल सामन्याला आमच्या कॉटर गावातली प्रत्येक पोर छातीवर रेशमी शेवंती लावून जाते. तिच्याखाली हिरव्या-पांढऱ्या फिती, घंट्या आणि चिमुकली अस्वलं पार गुडघ्यापर्यंत लटकत असतात. पोरीपेक्षा शेवंती मोठी दिसली तरच ती चांगली, असं आमच्याकडे मानतात. टेक्ससच्या बाहेरच्यांना हसू येतं. येऊ दे.

यंदा मात्र सगळे फारच गोड बोलत होते. व्हर्नाच्या मुलाने, वेडने, बहिणीला, डार्लाला, स्वतःहून मांसाचा कडेचा करपलेला तुकडा वाढला, ज्यासाठी लहानपणी दोघांनी एकमेकांना काटे टोचले होते. डार्लाने भावजयीच्या केसांचं कौतुक केलं. मुलं लहान असताना घरात अशी शांतता पसरली की व्हर्ना हातातलं काम टाकून कुठे काय फुटलंय ते बघायला जायची. आता ती गेली नाही. काय फुटणार आहे ते तिला माहीत होतं, आणि तिचे गुडघे दुखत होते.

उद्या संध्याकाळी शाळा मंडळाचं मतदान होतं. कॉटरचं हायस्कूल केव्हाच ओसंडून वाहू लागलं होतं. पार्किंगमध्ये पत्र्याच्या खोल्या टाकून त्यात वर्ग भरत होते आणि जेवणाची पहिली पाळी न्याहारीच्या वेळेलाच सुरू होत होती. उत्तरेला दुसरं हायस्कूल बांधून होत आलं होतं, पुढच्या ऑगस्टला उघडायचं होतं. आता प्रश्न एवढाच होता की कुठल्या घरातली मुलं कुठे जाणार. त्यासाठी दोन नकाशे पुढे आले होते. एकात रेघ फार्म रोडवरून जात होती. मग लेडबेटरांची तिन्ही घरं जुन्या शाळेतच राहत होती. पण तेवढी मुलं तिथे मावत नव्हती, म्हणून जुन्या शाळेच्या मागच्या अपार्टमेंटमधली पोरं उचलून रोज बसने उत्तरेला न्यायची, असं त्याच नकाशात होतं. दुसऱ्यात रेघ ओढ्यावरून जात होती. तसं झालं तर अपार्टमेंटची पोरं जागच्या जागी राहणार, आणि ओढ्याच्या उत्तरेचे सगळे, म्हणजे लेडबेटरही, नव्या शाळेत जाणार. मंडळात सात माणसं. तीन इकडे, तीन तिकडे. सातवी अध्यक्षबाई, व्हर्नाची थोरली, डार्ला.

"सरळ उभी राहा," व्हर्ना नातीला म्हणाली. ती टेसाच्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत फीत लावून बघत होती. "वाढलीस गं पुन्हा."

"मीमॉ, दरवर्षी तू हेच म्हणतेस."

"दरवर्षी वाढतेस म्हणून म्हणते. थांबलीस की थांबेन."

टेसा, वेडची मुलगी, दहावीत होती. नव्या नियमाने पुढच्या वर्षी फक्त बारावीची मुलं जुन्या शाळेत राहणार होती. बाकी सगळी रेघेप्रमाणे. येत्या वसंतात बँडची मेजर निवडायची होती, आणि ती टेसाच होणार हे सगळ्या बँडला ठाऊक होतं. पांढरे हातमोजे घालून सगळ्यांच्या पुढे चालायचं, शिट्टी मारली की मागची सगळी पोरं एका पावलाने निघायची. वेड तिच्या वयाचा असताना मेजर होता. त्याचे हातमोजे अजून टेसाच्या कपाटात होते.

वेड टेबलाच्या टोकाला घंट्या ओवत होता. काँक्रीट ओतून ओतून त्याची बोटं जाड झाली होती आणि घंट्या सारख्या निसटत होत्या. तो उद्याबद्दल अवाक्षर काढत नव्हता, कारण त्याला वाटत होतं काढायची गरजच नाही. बहीण आहे. तिने पोरीला पाळण्यात झोके दिलेत. काही गोष्टी बोलून दाखवल्या की स्वस्त होतात, असं रॉयस म्हणायचा, आणि वेडने बापाचं तेवढं एक नीट उचललं होतं.

"घंट्या संपल्या," तो म्हणाला.

"कपाटात आहेत, खालच्या खणात," व्हर्ना म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा हात थांबला. "राहू दे. मी आणते."

पण मारिसोल, वेडची बायको, उठलीही होती. ती घरात गेली आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिच्या एका हातात घंट्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात एक फीत. मरून रंगाची. आमच्या गावात गेल्या वसंतापासून मरून म्हटलं की उत्तरेची नवी शाळा. फितीवर चंदेरी अक्षरं नीट ओळीत चिकटवली होती: टेसा.

"मिस व्हर्ना," मारिसोल हळूच म्हणाली, "हे काय आहे?"

 व्हर्ना खुर्चीत बसली. तिला खरंच दुसरं काही सुचलं नाही.

"माझी बोटं हिवाळ्यात आखडतात," ती शेवटी म्हणाली. "अक्षरं चिकटवायची तर आत्ताच, नंतर जमत नाही. आणि नव्या शाळेचं पहिलं वर्ष म्हणजे फिती मिळायच्या नाहीत, फोर्ट वर्थला नवी शाळा उघडली तेव्हा दुकानांतल्या फिती कशा संपल्या ठाऊक आहे ना... म्हटलं पोर रडेल तेव्हा निदान हे तरी तयार असावं."

वेडने घंटा टेबलावर ठेवली. "रडेल तेव्हा?"

"वेड."

"मतदान उद्या आहे ना, आई? मग तुला आज कसं कळलं ती रडणार आहे?"

"मी सांगितलं," डार्ला म्हणाली.

गुरुवारी डार्ला आईला डोळे तपासायला घेऊन गेली होती. डॉक्टरकडे ताटकळत बसल्या असताना तिच्या तोंडून निघून गेलं होतं. तिला कुणाला तरी सांगायचंच होतं. नवरा तेलाच्या विहिरींवर गेलेला, भाऊ समोर आला की हसत होता. आई निदान गप्प बसते, असं तिला वाटलं होतं. आई गप्पच बसली. घरी जाऊन तिने फिती मागवल्या.

"म्हणजे डॉक्टरच्या बाकावर ठरलं," वेड म्हणाला. "बरं. आम्हाला कधी सांगणार होतात, मॅडम? का नकाशा छापून आल्यावर?"

"आज सांगणार होते. जेवणानंतर."

"ब्रिस्केट पोटात गेल्यावर. आणि मी तुला कडेचा तुकडा वाढला."

"तो तुकडा वाढलास तेव्हाच घशात अडकला माझ्या." डार्लाने हातातली कात्री खाली ठेवली. "वेड, ऐक. ओढ्याची रेघ सरळ आहे. शाळेच्या दारात राहणाऱ्या पोरांना उठवून, त्याच शाळेसमोरून बसने दुसरीकडे न्यायचं, का, तर आपली पोरं आहेत तिथे राहावीत? मी कुठल्या तोंडाने हात वर करू?"

"आपली पोरं! इथे आपली म्हणजे एकच पोर आहे, आणि ती इथे उभी आहे. तिच्या तोंडाकडे बघून बोल."

डार्लाने टेसाकडे पाहिलं. टेसा खाली मान घालून पांढऱ्या फितीची वेणी घालत होती. एकावर एक, एकावर एक.

"तू मतदानातून बाहेर हो," वेड म्हणाला. "घरचा मामला आहे म्हण. लोकांना पटेल."

"तीन-तीन होतील. मग काहीच ठरणार नाही आणि पुढच्या वर्षी पत्र्याच्या खोल्या आणखी वाढतील. तुला माहीत आहे हे. मार्चपासून लोक मला किराण्याच्या दुकानात अडवतात, वेड. दुधाची बाटली हातात घेऊन मी नकाशे समजावते. परवा एक बाई माझ्या गाडीसमोर उभी राहिली. कुणी मला फुकटचं हे काम कर म्हणून हात धरून बसवलं नव्हतं, कबूल. पण मी दमले आहे. मला कुणाशी भांडायचं नाही. तुझ्याशी तर नाहीच."

"मग भांडू नको. हात खाली ठेव."

"एवढं गाव वाढलं ते कुणामुळे ते तरी आठव. उत्तरेचं शेत बाबांनी विकलं तेव्हा आपण दोघांनी मान डोलावली. त्या शेतावर उठलेल्या घरांचे पाये नि पायऱ्या तू ओतल्यास. मीही तिथल्या चार घरांचे पडदे शिवले. माणसं येतील, त्यांना पोरं असतील, पोरांना शाळा लागेल, हे आपल्याला कळलं नव्हतं का?"

"कळलं होतं. पण शाळेतून बाहेर आपल्यालाच जावं लागेल हे नव्हतं कळलं," वेड म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता, आणि मग नको तेच त्याच्या तोंडून गेलं. "अपार्टमेंटमधली माणसं आज आहेत, उद्या नाहीत. भाडेकरू ती. त्यांना कुठली शाळा काय."

मारिसोल अजून फीत हातात घेऊन उभी होती.

तिची धाकटी बहीण लुपे त्याच अपार्टमेंटमध्ये राहत होती, दोन पोरांना घेऊन. थोरला सकाळी स्वतःच्या पायाने शाळेत जात होता आणि धाकट्याला वाटेत प्राथमिक शाळेत सोडत होता, कारण लुपे पहाटेच इस्पितळात कामाला निघते. थोरल्याला बसने उत्तरेला पाठवलं तर धाकट्याला कोण सोडणार, हे लुपेने बहिणीला दोनदा विचारलं होतं. मारिसोलने दोन्ही वेळा विषय बदलला होता. तिला स्वतःच्या पोरीचे पांढरे हातमोजे डोळ्यांसमोर दिसत होते. आणि तिला स्वतःची लाज वाटत होती, हेही खरं.

"त्या अपार्टमेंटच्या जागी आधी ट्रेलरमधली घरं होती," ती नवऱ्याला म्हणाली. "आठवतं? तू मला तिथेच घ्यायला यायचास. मी चालत शाळेत जायचे."

"मारिसोल, मी तुझ्याबद्दल बोलत नव्हतो."

"माहीत आहे. कधीच नसतोस."

तिने फीत घडी करून टेबलावर ठेवली आणि पुन्हा घंट्या ओवायला बसली. तिच्या बोटांतून एकही निसटली नाही.

"आत्या," टेसा म्हणाली.  "उद्या बदलू शकतं का?"

डार्लाला खोटं बोलता आलं असतं. तिने तसा विचारही केला, पण दमलेल्या माणसाला खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो.

"बदलू शकतं, राणी. पण मी बदलणार नाही."

टेसाने अर्धी वेणी टेबलावर टाकली आणि ती अंगणात निघून गेली. वेड उठला.

"उद्या मी येतोय," तो बहिणीला म्हणाला. "माइकवर बोलायला नाव देतोय. सगळ्यांसमोर ऐक."

"सगळ्यांनाच येता येतं," डार्ला म्हणाली.

राहिलेल्या शेवंत्या व्हर्ना आणि मारिसोलने मिळून पुऱ्या केल्या.  मरून फीत व्हर्नाने दोनदा उचलून कपाटात ठेवायला म्हणून घेतली आणि दोनदा तिथेच ठेवली.

सोमवारी मंडळाच्या सभागृहात जागा उरली नव्हती. एका बाजूला जुन्या शाळेचे हिरवे शर्ट, दुसऱ्या बाजूला कामावरून थेट आलेली माणसं, मागे भिंतीला टेकून उभे असलेले शिक्षक. डार्ला मधल्या खुर्चीत बसली होती, समोर पाण्याचा पेला आणि एक छोटं घड्याळ. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. प्रत्येकाने आधी नाव आणि पत्ता सांगायचा, म्हणजे हद्दीतला माणूस आहे हे नोंदीला लागतं. या हॉलमध्ये ती सवय इतकी जुनी आहे की लोक प्रार्थनेसारखं ते म्हणून टाकतात.

वेडचं नाव आलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, आणि डार्लाला उगाचच आठवलं की त्याला कॉलर नीट बसवता येत नाही. आजही एक बाजू वर राहिली होती.

"आपलं नाव आणि पत्ता सांगा," ती म्हणाली.

हॉलमध्ये कुणीतरी खुसफुसलं. वेड माइककडे बघत राहिला.

"वेड लेडबेटर," तो म्हणाला. "फार्म रोडच्या आतलं दुसरं फाटक. पहिलं फाटक तुमचं."

मागे दोघेतिघे हसले आणि लगेच गप्प झाले. वेडने खिशातून कागद काढला नाही. तो हातमोज्यांबद्दल बोलला. बापाने हाताने सपाट केलेल्या बँडच्या मैदानाबद्दल बोलला. म्हणाला, माझी पोर काही मागत नाहीये, आहे ते राहू द्या एवढंच म्हणतेय, आणि ज्यांनी या गावासाठी हाडं झिजवली त्यांनाच शेवटी हद्दीबाहेर काढायचं असेल तर तसं सरळ तोंडावर सांगा. चांगलं बोलला. डार्लाला मधे एकदा वाटलं, हा असाच बोलत राहिला तर माझं मन फिरेल. तिने पेला उचलला, पण पाणी प्यायली नाही.

घड्याळ वाजलं. वेडचं वाक्य अर्धंच होतं.

"वेळ संपली, मिस्टर लेडबेटर."

"हो," तो म्हणाला. "संपलीच." आणि तो मागे न बघता दाराकडे निघाला.

"पुढचं नाव," डार्लाने कागदावर पाहिलं आणि क्षणभर तिला वाचता येईना. मग तिने वाचलं. "मारिसोल लेडबेटर."

वेड दारात थांबला.

मारिसोल मागच्या रांगेतून आली. तिने लुपेच्या थोरल्या पोराचा खांदा दाबला, जाताजाता. टेसा तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली.

"आपलं नाव आणि पत्ता."

"मारिसोल लेडबेटर." तिने माइक खाली ओढला, तो वेडच्या उंचीचा ठेवला होता. "पत्ता तोच."

यावेळी कुणी हसलं नाही.

ती फार बोलली नाही. म्हणाली, मी ज्या जागेतून चालत शाळेत गेले तिथून आजही पोरं चालत जातात. त्यांच्या आया पहाटे कामावर जातात. आमच्या घरात तीन गाड्या आहेत. माझ्या मुलीचं मन मोडणार आहे आणि ते मी रोज घरी बघणार आहे, तुम्ही कुणी नाही. तरी रेघ ओढ्यावरूनच मारा. धन्यवाद.

मग मतदान झालं. चिटणीस एकेक नाव घेत गेली. सातव्या नावाला डार्ला म्हणाली, "ओढा," आणि चार-तीनने ते झालं. हिरव्या शर्टांतली माणसं खुर्च्या आपटत उठली. गोंधळ शमेपर्यंत डार्ला थांबली, मग घसा खाकरून म्हणाली, "पुढचा विषय, कॅफेटेरियाच्या छताची गळती." तिला स्वतःच्या आवाजाची कमाल वाटली. रडू तर येत होतं.

वेड, मारिसोल आणि टेसा एकाच गाडीतून आले होते, त्यामुळे परतही एकाच गाडीतून जावं लागलं. वेड इंजिन सुरू करून बसला होता. मारिसोल पुढे बसली, टेसा मागे. गाडी ओढ्यावरच्या पुलावर आली. उजेड अजून पुरता गेला नव्हता.

"ऐकलं मी," वेड शेवटी म्हणाला. "दारातून."

"मग?"

"वेळेच्या आत संपवलंस. मला जमलं नाही."

मारिसोलने खिडकीबाहेर बघत मान हलवली. "मला तुझ्याआधी बोलायचं होतं. मी नाव उशिरा दिलं. देऊ की नको, देऊ की नको करत."

"मला आधी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू मला गप्प केलं असतंस. आणि मी झालेही असते."

ते खरंच होतं. मागे टेसा सरसावून बसली. दोघांनाही आरशात तिचा चेहरा दिसला.

"बाबा, तू माझ्यासाठी बोललास," ती म्हणाली. "आई, तू माझ्याविरुद्ध बोललीस. आत्याने मत दिलं. मीमॉने तर फीतसुद्धा करून ठेवली. मला कुणीच विचारलं नाही. मी तिथेच बसले होते ना. सगळ्यांचं नाव-पत्ता विचारला, माझा नाही."

वेडने गाडीचा वेग कमी केला. डार्लाचं फाटक आलं होतं आणि तिच्या अंगणातला दिवा बंद होता. ती अजून छताच्या गळतीवर बोलत असणार.

"मग आता सांग," तो म्हणाला. "वेळ लावत नाही आम्ही."

टेसाने तोंड उघडलं. तिच्याकडे बोलायला खूप होतं. हातमोज्यांचं, शिट्टीचं, आईचं, लुपे मावशीच्या पोराचं, जो दुपारी तिला भेटल्यावर, ती चिडली असेल म्हणून, घाबरून बाजूला सरकला होता.

"टेसा लेडबेटर," ती म्हणाली. "पत्ता तोच."

आणि पुढचं काही तिला बोलताच आलं नाही. वेडने गाडी कडेला घेतली. मारिसोल दार उघडून खाली उतरली, मागच्या सीटवर पोरीशेजारी जाऊन बसली, आणि टेसाने तिला ढकललं नाही.